तुमचे प्रश्न : आदल्या रात्री अपडेट केलं आणि सकाळी साइट बंद

प्रश्न : मॅडम, तारकर्लीला आमच्या घरीच चार खोल्यांत पर्यटकांची राहण्याजेवणाची सोय आहे. साइट वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर आहे, २०१६ साली गावातल्याच एका मुलाने करून दिलेली. सोमवारी रात्री मी बुकिंग-कॅलेंडरचं प्लगिन अपडेट केलं. पान उघडून पाहिलं, चालत होतं. मंगळवारी सकाळी सगळी साइट बंद, पानावर फक्त ‘क्रिटिकल एरर’. होस्टिंगवाले, म्हणजे ज्यांच्या सर्व्हरवर साइट ठेवली आहे ते, म्हणतात प्लगिनचा दोष, प्लगिनवाले म्हणतात होस्टिंगला विचारा. साइट करणाऱ्या मुलाला वर्डप्रेसचा मेल आला होता. त्यातल्या लिंकवरून मी लॉगिन केलं तर मला साइट व्यवस्थित दिसते, पण पाहुण्यांना अजून तीच एरर येते. पुतण्या म्हणतो, कॅलेंडर डिलीट करून पुन्हा टाक. नाताळापासून नववर्षापर्यंतची ३१ बुकिंगं त्यात आहेत. ती जातील का?
— एक वाचक, तारकर्ली

उत्तर : ताई, अंक निघेपर्यंत तुम्हाला ताटकळत ठेवणं शक्यच नव्हतं, म्हणून आपण त्याच दुपारी फोनवर बोललो. तेव्हा घाईत जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहिते, कारण दर महिन्याच्या टपालात या दुखण्याची दोन-तीन पत्रं असतातच.

फोन उचलल्यावर मी पहिलं वाक्य बोलले ते हेच : डिलीटला हात लावू नका. प्लगिन म्हणजे वर्डप्रेसला एखादी जास्तीची सोय देणारा जोडभाग. तो ‘डिअ‍ॅक्टिव्हेट’ करणं म्हणजे दुकानाचं शटर ओढणं. माल आत तसाच राहतो. ‘डिलीट’ केलं की फाइली तर जातातच, शिवाय बऱ्याच प्लगिनांत जाताना स्वतःची सगळी नोंद पुसून जाण्याची सोय केलेली असते. त्या फाइलचं नावच अनइन्स्टॉल डॉट पीएचपी. तुमची बुकिंगं प्लगिनच्या फोल्डरमध्ये नसतात, ती डेटाबेसमधल्या तक्त्यांत असतात, आणि ही फाइल नेमके ते तक्ते काढून टाकू शकते. २०१८ मध्ये एका वाचनालयाच्या साइटवर मी सभासदनोंदणीचं प्लगिन असंच ‘काढून पुन्हा टाकू’ म्हणून डिलीट केलं. बॅकअप तीन महिन्यांपूर्वीचा होता. मधल्या काळातले सभासद ग्रंथपालबाईंनी रजिस्टर उघडून एकेक करून पुन्हा टाइप केले, मी शेजारी बसून नावं वाचून दाखवत होते. तेव्हापासून मी बॅकअप घेतल्याशिवाय कोणालाही ‘डिलीट’ म्हणत नाही.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य बघा. ‘पान उघडून पाहिलं, चालत होतं.’ पुतण्याने ते सोडून दिलं, पण सगळी गोष्ट त्यातच होती. अपडेट रात्री दहाला, त्यानंतर पान चाललं. कॅलेंडर मोडायचं असतं तर बहुधा तिथेच मोडलं असतं. म्हणून मी तुम्हाला त्या मुलाकडून मेलचा फोटो मागवायला सांगितला. मेलची वेळ होती पहाटे ३ वाजून १२ मिनिटं. म्हणजे तुम्ही झोपेत असताना काहीतरी बदललं होतं.

हा मेल वर्डप्रेस ५.२ पासून, म्हणजे मे २०१९ पासून मिळतो. लोक त्यातली लिंक तेवढी दाबतात आणि मजकूर सोडून देतात. खरं तर मजकूर शांतपणे वाचण्यासारखा असतो. कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीत गाडी अडली, ते त्यात लिहिलेलं असतं. फाइलच्या लांबलचक पत्त्यात ‘प्लगिन्स’ या शब्दानंतर जे फोल्डरचं नाव येतं, तो आपला माणूस. तुम्ही फोनवर ते नाव एकेक अक्षर करून वाचलंत आणि मध्येच थांबलात, कारण ते कॅलेंडरचं नव्हतंच. पानाच्या माथ्यावर मराठी तिथी आणि मराठी आकडे दाखवणारं ते छोटं प्लगिन होतं, त्याच मुलाने २०१६ मध्ये हौसेने लिहिलेलं.

पुढे लिहिलं होतं : ‘कॉल टू अनडिफाइन्ड फंक्शन क्रिएट_फंक्शन’. आणि त्याच्या जरा वर पीएचपीची आवृत्ती, ८.२. वर्डप्रेस आणि त्याची प्लगिनं पीएचपी या भाषेत लिहिलेली असतात आणि ती भाषा होस्टिंगच्या सर्व्हरवर असते. ‘क्रिएट_फंक्शन’ हा त्या भाषेतला जुना शब्द. २०१७ च्या ७.२ आवृत्तीत ‘हा वापरू नका’ असं बजावलं गेलं आणि नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या ८.० मधून तो काढूनच टाकला. आज वाण्याकडे जाऊन पायलीच्या मापाने तांदूळ मागितले तर तो नुसता बघत राहील, तसं सर्व्हरचं झालं. सोमवारपर्यंत तुमचा सर्व्हर ७.४ वर होता, पहाटे होस्टिंगने तो ८.२ वर नेला. त्याची सूचना महिनाभर आधी तुमच्या यजमानांच्या मेलवर येऊन पडली होती, हे नंतर सापडलं.

त्या मुलाला बोल लावू नका. २०१६ मध्ये तो शब्द चालत होता. होस्टिंगलाही हे करणं भागच होतं : ७.४ ला सुरक्षेची डागडुजी मिळणं २८ नोव्हेंबर २०२२ लाच थांबलं. आणि कॅलेंडर बिचारं साफ निर्दोष.

मग तुम्हाला साइट दिसते आणि पाहुण्यांना नाही, हे कसं? त्या लिंकने तुम्ही ‘रिकव्हरी मोड’मध्ये गेलात. तिथे बिघडलेलं प्लगिन फक्त तुमच्यापुरतं थांबवलेलं असतं, बाकी जगासाठी ते अजून चालू आणि अजून मोडलेलंच. तुम्ही प्लगिनांच्या यादीत जाऊन तिथीच्या प्लगिनखालचं ‘डिअ‍ॅक्टिव्हेट’ दाबलंत, वरच्या पट्टीतून रिकव्हरी मोडमधून बाहेर आलात, आणि तुमच्या जाऊबाईंच्या मोबाइलवर साइट उघडली. ३१ च्या ३१ बुकिंगं जागेवर. डिअ‍ॅक्टिव्हेट केल्यावर त्याच जागी लाल अक्षरांत ‘डिलीट’ येतं, तिथे बोट जाऊ देऊ नका.

ज्यांना असा मेल आलाच नाही त्यांनी होस्टिंगच्या सीपॅनेलमधला, म्हणजे त्यांच्या नियंत्रण-पानावरचा, फाइल मॅनेजर उघडावा. पब्लिक_एचटीएमएल, त्यात डब्ल्यूपी-कंटेंट, त्यात प्लगिन्स. संशयित फोल्डरच्या नावापुढे इंग्रजी अक्षरांत ‘-बंद’ जोडावं. वर्डप्रेसला ते प्लगिन सापडत नाही, ते त्याला वगळून पुढे जातं आणि दोष त्यातच असेल तर साइट उभी राहते. नाव पूर्ववत केलं की फाइली जिथल्या तिथे. कोणावर संशय घ्यावा हेच कळत नसेल, तर डब्ल्यूपी-कॉन्फिग डॉट पीएचपी या फाइलमध्ये डब्ल्यूपी_डीबग आणि डब्ल्यूपी_डीबग_लॉग ‘ट्रू’ करा, डब्ल्यूपी_डीबग_डिस्प्ले मात्र ‘फॉल्स’, म्हणजे पाहुण्यांना एररच्या ओळी दिसणार नाहीत. मग साइट एकदा उघडली की डब्ल्यूपी-कंटेंटमध्ये डीबग डॉट लॉग तयार होते, त्यात तीच माहिती मिळते. काम झालं की तिन्ही ओळी काढा आणि ती लॉग फाइलही पुसा. पत्ता माहीत असलेल्या कोणालाही ती बाहेरून वाचता येऊ शकते.

होस्टिंगवाल्यांनी तुम्हाला परत ७.४ वर नेण्याची तयारी दाखवली होती. मी नको म्हटलं. भर हंगामात दुसरा काहीच इलाज नसेल तर दोन-चार दिवस ठीक, पण लोक एकदा मागे गेले की वर्षभर तिथेच राहतात. तुमच्याकडे तर नड होती ती तिथी दिसण्यापुरती, आणि त्या मुलाने संध्याकाळी तीन ठिकाणचा तो जुना शब्द काढून तिथे आजच्या पद्धतीचं फंक्शन लिहून दिलं.

एक काम मात्र याच आठवड्यात करा. सेटिंग्जमधल्या ‘जनरल’ पानावर अ‍ॅडमिनचा ईमेल आहे तो बदलून तुमचा घाला. तो मुलगा आता पुण्याला असतो. त्याने फोन उचलला म्हणून मेल मिळाला. आणि पुढच्या अपडेटआधी बॅकअप फाइलींचा आणि डेटाबेसचा, दोन्हींचा. नुसत्या फाइलींच्या बॅकअपमध्ये एकही बुकिंग नसतं.

प्रश्न : आमच्या शाळेच्या साइटवर अपडेटनंतर एरर काही नाही, पण फोटोंची पट्टी सरकत नाही आणि मोबाइलवर मेनू उघडत नाही.
— एक शिक्षक, संगमनेर

उत्तर : सर, पान दिसतं पण दाबलं की हलत नाही, म्हणजे अडचण बहुधा जावास्क्रिप्टची, पानाला हालचाल देणाऱ्या भाषेची. आधी इनकॉग्निटो खिडकीत साइट उघडा. तिथे चालली तर तुमच्या ब्राउझरने जुनी फाइल धरून ठेवली आहे. तिथेही नाही चालली, तर कॅशचं (पानांच्या तयार प्रती साठवून ठेवणारं) प्लगिन असल्यास त्यातला साठा रिकामा करून पुन्हा बघा. एवढं करूनही पट्टी हलली नाही तर संगणकावर एफ१२ दाबून ‘कन्सोल’ उघडा आणि लाल ओळीत कोणत्या प्लगिनच्या फोल्डरचं नाव आहे ते पाहा. ऑगस्ट २०२० मध्ये वर्डप्रेस ५.५ ने जुन्या जावास्क्रिप्टला चालवून घेणारा जेक्वेरी मायग्रेट हा आधार काढला, तेव्हा असंख्य जुन्या पट्ट्या आणि मेनू अशाच थिजले होते. तुमचं प्लगिन त्या आधीचं असून नंतर कधी सुधारलंच गेलं नसेल, तर दुसरं निवडा. फोटो मीडिया लायब्ररीत आहेत, ते कुठेही जात नाहीत. लाल ओळीचा फोटो पाठवलात तर नेमकं सांगता येईल.