लॅपटॉप दिवसरात्र चालू ठेवला तर लवकर खराब होतो का?

नुसता चालू राहिल्याने नाही. प्रोसेसर, रॅम (तात्पुरती मेमरी) आणि एसएसडी (डेटा साठवणारी, फिरते भाग नसलेली ड्राइव्ह) यांना तासांचा हिशेब फारसा लागू होत नाही. एसएसडी झिजते ती त्यावर किती डेटा लिहिला जातो त्यानुसार. खरी झीज होते पंख्याची आणि बॅटरीची. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर तिचीही.

बॅटरीकडे आधी बघा. चार्जर सतत लावलेला, चार्ज १०० टक्के आणि वर उष्णता, ही बॅटरीतल्या लिथियम-आयन सेलसाठी सर्वांत वाईट स्थिती. क्षमता घटते, कधी सेल फुगतात. टचपॅड वर उचललेला किंवा तळ फुगलेला दिसला तर लॅपटॉप लगेच बंद करा, चार्जर काढा आणि बॅटरी बदलून घ्या. तिला दाबू किंवा टोचू नका. टेबलावरच वापरत असाल तर बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) किंवा कंपनीच्या ॲपमध्ये चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवा. बहुतेक नव्या मॉडेलांत ही सोय असते.

पंख्यात धूळ साचली की तो जास्त वेगाने फिरतो, बेअरिंग झिजून घरघर सुरू होते. लॅपटॉप बंद करून, पाती बोटाने धरून दाबलेल्या हवेच्या कॅनने धूळ उडवा. पाती मोकळी सोडू नका, भन्नाट फिरून बेअरिंग बिघडते. गादीवर चालू ठेवणे टाळा, खालच्या जाळ्या बुजतात.

रात्री काम नसेल तर स्लीप पुरे. बॅगेत भरताना मात्र शटडाउनच करा, कारण स्लीपमधला लॅपटॉप कधीकधी आपोआप जागा होऊन आतच तापत राहतो.