चाहूल लागली की माग लागला?

ठाण्याला नौपाड्यात शिकवणाऱ्या एका बाईंनी विचारलं आहे : वर्गात वाचायला घेतलेल्या मजकुरात 'जपानच्या भूकंपाची चाहूल उपग्रहांना चाळीस मिनिटं आधीच लागली होती' असं वाक्य आहे. इथे 'चाहूल' चालेल, की 'पूर्वसूचना' किंवा 'भाकीत' हवं?

बाई, या वाक्यात तिन्ही शब्द अडतात. 'भाकीत' हे 'भाकणे'मधलं. पट्टणकोडोलीच्या यात्रेत भाकणूक होते, तिथे पाऊसपाण्याबद्दल आधीच, चारचौघांसमोर बोललं जातं. जपानबद्दल तसं कुणी बोललं नव्हतं. 'पूर्वसूचना' कुणीतरी कुणाला तरी द्यावी लागते. सोसायटीच्या फळ्यावर 'उद्या पाणी येणार नाही' लिहितात, ती पूर्वसूचना. राहिली 'चाहूल'. ती त्या क्षणी, ऐकणाऱ्याला लागते. रात्री अंगणात कुणी येऊन गेल्याचं सकाळी पावलांच्या ठशांवरून कळलं, तर चाहूल लागली असं आपण म्हणत नाही.

इथे नेमकं तसंच घडलं आहे. ११ मार्च २०११ला जपानच्या तोहोकू भागात ९.० तीव्रतेचा भूकंप झाला. जमिनीचं सरकणं मोजायला जपानभर बाराशेच्या वर जीपीएस केंद्रं आहेत. उपग्रहाचा संदेश आयनांबरातून, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित कणांच्या वरच्या थरातून, येताना तिथल्या इलेक्ट्रॉनांमुळे रेंगाळतो. वारंवारता जितकी कमी, तितका जास्त. एकाच उपग्रहाचे दोन वारंवारतांवरचे संदेश किती पुढेमागे पोचले यावरून वाटेत किती इलेक्ट्रॉन होते ते काढता येतं. होक्काइदो विद्यापीठाच्या कोसुके हेकी यांनी भूकंप होऊन गेल्यावर या नोंदी चाळल्या, आणि साधारण ४० मिनिटं आधीपासून त्या भागावर इलेक्ट्रॉन वाढल्याचं त्याच वर्षी मांडलं. म्हणजे 'उपग्रहांना' हेही चुकलंच. ते बापडे नुसते संदेश पाठवत होते, फरक उमटला जमिनीवरच्या केंद्रांत.

'पूर्वलक्षण' सुचवावं म्हटलं, तर त्यात भूकंपाशी नातं गृहीतच धरलं जातं. ते तर अजून वादात आहे. भूकंपानंतर त्सुनामीमुळे इलेक्ट्रॉन घटले. ती घट धरून तुलनेची रेषा, म्हणजे 'एरवी इतके असते' ही पातळी, आखली की आधीचा काळ उगाच चढलेला दिसतो, असा आक्षेप २०१३मध्ये कामोगावा आणि काकिनामी या संशोधकांनी घेतला. हेकींनी त्याला उत्तरही दिलं आहे. त्यातून सौर वादळानंही आयनांबर ढवळून निघतं, ते वेगळंच.

मी 'माग' घेईन. माग नंतर काढतात, आणि तो चुकूही शकतो. 'भूकंपानंतर नोंदी तपासताना आयनांबरात त्याआधी झालेल्या बदलाचा माग लागला, असा हेकी यांचा दावा आहे.' वाक्य लांबलं खरं, पण खोटं राहिलं नाही.

मजकुरात 'आयनमंडल' असेल तर तेवढं 'आयनांबर' करून घ्या. तपांबर, स्थितांबर यांच्या पंगतीत तेच बसतं. मुलांना याची गोडी लागली, तर नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. तिथे या थराचाही अभ्यास चालतो. विज्ञानाच्या सरांच्या कानावर घालून ठेवा.