सिलेवाड्याजवळ सापडलेलं दगडातलं पान डायनासोरच्या काळातल्या फुलझाडाचं आहे का?

नागपूरजवळ कन्हान नदीकाठी सिलेवाड्याकडे तांबूस दगडात पानाचा ठसा सापडला, तो क्रिटेशियस म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या काळातल्या सुरुवातीच्या फुलझाडांचा असेल का, असं तुम्ही विचारलंय.

नाही. पण नाराज होऊ नका, तुमचं पान त्याहून बरंच जुनं आहे. जिभेसारखा आकार, मधोमध ठसठशीत शीर, कडेला दाते नाहीत, या वर्णनावरून ते ग्लॉसॉप्टेरिस दिसतंय, म्हणजे आता नामशेष झालेलं, बिया येणारं पण फुलं नसलेलं झाड. कामठीच्या वालुकाश्मातलं, साधारण २५ कोटी वर्षांपूर्वीचं. तेव्हा फूल नावाची गोष्टच जगात नव्हती. मिशनरी स्टीफन हिस्लॉप (हो, नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजवाले) यांनी नागपूर भागात गोळा केलेल्या अशा पानांचं वर्णन १८६१ मध्येच लंडनला छापून आलंय.

बी.एस्सी.ला असताना मीही असाच दगड घेऊन उड्या मारत सरांकडे गेलो होतो. सर काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "पिंपळाचं पान आण." शाळेत वहीत ठेवून त्याची जाळी करायचो ना, ती आठवा. मधली शीर, तिच्यातून फुटलेल्या जाड शिरा, त्यांना जोडणाऱ्या बारीक, त्यात आणखी बारीक, आणि शेवटी चौकटीत येऊन नुसतीच संपलेली टोकं. ही उतरंड म्हणजे फुलझाडाच्या पानाची ओळख. ग्लॉसॉप्टेरिसमध्येही जाळी असते, पण मधली शीर सोडली तर बाकी सगळ्या जवळजवळ एकाच जाडीच्या, तिरक्या कडेकडे गेलेल्या. भिंगातून बघा, दोन मिनिटांत कळेल.

ही उतरंड एकदम आली नाही. अमेरिकेत मेरीलँड-व्हर्जिनियाकडच्या पोटोमॅक थरांत, म्हणजे साधारण १२ ते १० कोटी वर्षांपूर्वीच्या, सगळ्यात खालची पानं लहान आणि शिरा अगदी वेड्यावाकड्या आहेत. वर वर जावं तशा त्या शिस्तीत येतात. हिकी आणि डॉईल या जीवाश्म-वनस्पतींच्या अभ्यासकांनी १९७७ मध्ये हे थरागणिक मांडून दाखवलं. शिरा दाटही होत गेल्या. आजच्या फुलझाडांत एका चौरस मिलिमीटरमध्ये सरासरी ८ मिलिमीटर लांबीच्या शिरा भरतात, इतर झाडांत जेमतेम २. शिरा जास्त म्हणजे पाणी जास्त, पाणी जास्त म्हणजे पर्णरंध्रं (पानावरची हवेची बारीक छिद्रं) बिनधास्त उघडी ठेवता येतात आणि झाड झपाट्यानं वाढतं. फुलांचं कौतुक सगळे करतात; मला विचाराल तर अर्धी बाजी पानांनी मारली.

क्रिटेशियसच हवा असेल तर नागपुरातला सीताबर्डीचा किल्ला ज्यावर उभा आहे तो काळा दगड बघा, लाव्ह्याचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात तळी साचायची, त्यातली झाडं सिलिकात मुरून गारगोटीसारखी कडक झाली. छिंदवाड्याकडच्या मोहगाव कलाँचा चर्ट (हाच तो गारगोटीसारखा दगड) त्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या एका फळानं जीवाश्म-वनस्पतींचे शास्त्रज्ञ बिरबल साहनी यांना इतकं चक्रावलं की त्यांनी नावच एनिग्मोकार्पन ठेवलं, म्हणजे कोड्यातलं फळ. निपा ताडाची फळंही तिथे मिळालीत. निपा आज सुंदरबनात, खाडीच्या चिखलात वाढतो! छिंदवाड्यात खाडी, विचार करा.

तुमचा फोटो भर दुपारचा आहे, त्यात शिरा दिसतच नाहीत. सकाळच्या तिरप्या उन्हात, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून पुन्हा काढून टाका. आणि दगड घासून धुऊ नका.