'नेस्टबश्मुट्सर' म्हणजे घरभेदी नव्हे

प्रश्न असा आहे: ऑस्ट्रियन लेखिका एल्फ्रीडे येलिनेक यांना त्यांच्याच देशात 'नेस्टबश्मुट्सर' म्हणून हिणवलं जाई, असं वाचनात आलं. मराठीत 'घरभेदी' चालेल का?

चालणार नाही. 'घरभेदी' आणि त्याहून वाईट म्हणजे 'देशद्रोही', हे दोन्ही शब्द इथे वापरलेले वारंवार दिसतात आणि दर वेळी डोकं फिरतं. घरभेदी घरातलं गुपित शत्रूला नेऊन देतो. व्हिएन्नाच्या रंगमंचावर व्हिएन्नाच्याच प्रेक्षकांना चार शब्द सुनावणाऱ्यांनी कोणत्या शत्रूला काय दिलं? या जर्मन शब्दाचा सरळ अर्थ 'स्वतःचं घरटं घाण करणारा'. 'नेस्ट' आणि आपलं 'नीड' एकाच मुळातले, हे बहुतेकांना ठाऊक आहे. ते सोडून देतो.

खरी गंमत पुढे आहे. जुन्या जर्मन म्हणीत घरटं घाण करणाऱ्या वाईट पक्ष्यासाठी क्रियापद येतं 'होफीरन'. हे 'होफ'वरून आलं, आणि होफ म्हणजे दरबारही, अंगणही. म्हणून होफीरन म्हणजे दरबारी वागणं, खुशामत करणं; आणि त्याच शब्दाचा जुना अर्थ शौचाला बसणं! ग्रिम बंधूंनी सुरू केलेल्या कोशात तो नोंदलेला आहे. दरबारी शिष्टाचाराच्या थट्टेतून हा अर्थ आला, असं कोणी सांगितलं तर मी मुळीच मानणार नाही. आपल्याकडे 'परसाकडे जाणं' म्हणतात ना, तसंच हे अंगणात जाणं. सभ्यपणानं झाकलेला शब्द, एवढंच. ज्या लेखकांनी पहिल्या अर्थानं होफीरन करायला नकार दिला, त्यांच्यावरच दुसऱ्या अर्थाचा आरोप झाला, हे मला फार बोलकं वाटतं.

ऑस्ट्रियन लेखक थोमास बेर्नहार्ड यांचं 'हेल्डनप्लाट्स' हे नाटक पाहा. हे व्हिएन्नातल्या एका चौकाचं नाव. त्याच चौकात मार्च १९३८मध्ये, जर्मनीनं ऑस्ट्रिया गिळंकृत केला तेव्हा, प्रचंड गर्दीनं हिटलरचा जयजयकार केला होता. नाटकातल्या ज्यू प्राध्यापकाच्या विधवेच्या कानांतून तो जल्लोष पन्नास वर्षांनीही जात नाही. युद्धानंतर मात्र ऑस्ट्रियानं 'आम्ही हिटलरचे पहिले बळी' ही भूमिका घेतली. झाकली मूठ सव्वा लाखाची. १९८६मध्ये कुर्ट वाल्डहाइम यांचा हिटलरच्या सैन्यातला दडवलेला काळ उघड झाला, तरी ते राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. नोव्हेंबर १९८८मध्ये व्हिएन्नाच्या बुर्गथिएटर या नाट्यगृहात बेर्नहार्ड यांचं हे नाटक आलं तेव्हा निषेध म्हणून नाट्यगृहासमोर शेणखत ओतलं गेलं. घाण कोणी आणली, ते यावरून दिसतंच! बेर्नहार्ड १९८९च्या फेब्रुवारीत वारले आणि स्वामित्वहक्क असेपर्यंत ऑस्ट्रियात आपल्या कृतींचे प्रयोग किंवा प्रकाशन नको, असं मृत्युपत्रात लिहून गेले. १९९१मध्ये चॅन्सेलर (सरकारप्रमुख) फ्रान्झ व्रानिट्स्की यांनी संसदेत नाझी अत्याचारांतल्या ऑस्ट्रियन लोकांच्या सहभागाची जबाबदारी मान्य केली. लेखक हेच तर वर्षानुवर्षं सांगत होते.

तरी शब्द थांबला नाही. १९९५मध्ये फ्रीडम पार्टी या कडव्या उजव्या पक्षानं पोस्टरवर येलिनेक आणि इतर काहींची नावं घालून विचारलं, तुम्हाला ही मंडळी आवडतात, की कला आणि संस्कृती? २०००मध्ये तोच पक्ष सत्तेत आला तेव्हा येलिनेक यांनी ऑस्ट्रियात आपल्या नाटकांचे प्रयोग बंद केले. २००४मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

तर भाषांतरात 'घरटं घाण करणारी' असंच लिहा, किंवा मूळ शब्द ठेवा. ठेवलात तर बाईंसाठी रूप 'नेस्टबश्मुट्सरिन' होतं.