फॉर्मेशन बदलण्याआधी खाल्लेले गोल बघ

भाऊ, तुझी अडचण मला कळली ती अशी: ईफुटबॉल या फुटबॉलच्या मोबाईल गेममध्ये तू ४-३-३ फॉर्मेशन (चार बॅक, तीन मिडफिल्डर, तीन फॉरवर्ड) आणि पझेशन गेम, म्हणजे बॉल आपल्याकडे ठेवायची पद्धत, लावून खेळतोस. पहिला गोल बहुतेक वेळा तूच मारतोस, पण ६० व्या मिनिटानंतर दोन गोल खाऊन मॅच घालवतोस. महिनाभरात चार फॉर्मेशन बदलून झाली, आता पाचवं कुठलं घेऊ, असं विचारतोयस. माझं म्हणणं, आत्ता एकही घेऊ नकोस. आधी गोल कुठून येतायत ते शोध.

माझ्या मावसभावाचं अगदी हेच व्हायचं. आम्ही नाशिकच्या सिडकोत राहतो. अंबडच्या कारखान्यांची पहिली पाळी सुटली की चार-पाच जण मोबाईल घेऊन बसतो. तो रोज हरायचा आणि रोज नवीन फॉर्मेशन लावायचा. शेवटी एका रविवारी, मिसळ खाऊन आल्यावर, त्याला म्हटलं की हरलेल्या मॅचचं स्क्रीन रेकॉर्डिंग काढ. पाच गोल बघितले. त्यातले चार एकाच वाटेने आले होते.

त्यातला एक सांगतो. त्याचा राइट बॅक मध्यरेषेच्या बराच पुढे गेलेला. विंगरचा पास अडला, समोरच्याने एकच लांब बॉल आपल्या डाव्या विंगरला टाकला. तिथे कोणीच नाही, म्हणून उजवा स्टॉपर (गोलपुढचा मधला बॅक) जागा सोडून बाजूला धावला. भावाने प्रेशरचं बटण दाबूनच ठेवलेलं, त्यामुळे तो आणखी लांब ओढला गेला. मधे खिंडार पडलं, बॉल मागे सरकवला, गोल. फॉर्मेशन ४-३-३ होतं की ४-२-३-१, याने इथे काही फरक पडला नसता. राइट बॅकची प्लेइंग स्टाइल, म्हणजे गेमने त्याला दिलेली खेळायची सवय, ऑफेन्सिव्ह फुल-बॅक होती. तो पुढे जाणारच, कागदावर त्याला कुठेही उभा कर.

मैदानाच्या चित्रावर आपण ठिपके लावतो ती फक्त सुरुवातीची जागा. बॉल फिरायला लागला की खेळाडू आपापल्या स्टाइलप्रमाणे हलतात. होल प्लेयर मधून पुढे घुसतो, अँकर मॅन स्टॉपरच्या पुढ्यात थांबतो, गोल पोचर शेवटच्या बॅकच्या खांद्यावर उभा राहून मागच्या मोकळ्या जागेत धावायला बघतो. शिवाय स्टाइल ठराविक जागेवरच लागू होते. अँकर मॅनला डीएमएफवरून (बचावाच्या पुढची मिडफिल्डची जागा) उचलून सीएमएफवर (मिडफिल्डच्या मधोमध) ठेवलास, तर त्याचा तो गुण चालत नाही. तू तुझ्या मिडफिल्डमधले तिघं लिहिलेस, त्यात दोन होल प्लेयर आणि एक बॉक्स-टू-बॉक्स (दोन्ही गोलांपर्यंत वर-खाली धावणारा) आहे. तिघंही पुढे जाणारे. बॉल गेला की स्टॉपरच्या पुढ्यात राखणीला उरतं कोण? मला तुझ्या हरण्याचं अर्धं कारण इथेच दिसतं.

म्हणून ४-३-३ राहू दे. मधल्या तिघांपैकी एक डीएमएफवर आण आणि तिथे अँकर मॅनच खेळव, रेटिंग थोडं कमी असलं तरी चालेल. दोन्ही साइड बॅक पुढे जाणारे असतील तर एकाला इंडिव्हिज्युअल इन्स्ट्रक्शनमध्ये डिफेन्सिव्ह दे. एवढे दोनच बदल कर.

आता टीम प्लेस्टाइल, म्हणजे अख्ख्या टीमची खेळायची पद्धत. पझेशन गेममध्ये सहकारी जवळ येऊन छोट्या पासला उभे राहतात, पण त्यासाठी बॉल पायात ठेवायचा धीर तुझ्या अंगठ्यात हवा. तूच लिहिलंयस की बॉल मिळाला की तू लगेच थ्रू बॉल (बचावाच्या मागे मोकळ्या जागेत पास) टाकतोस. मग तुझी सवय एकीकडे आणि टीम दुसरीकडे धावतेय. क्विक काउंटर, म्हणजे बॉल मिळताच झटपट उलटा हल्ला, तुला जवळचा वाटेल, फक्त त्यात बॉल गेल्यावर पोरं पुढे जाऊनच प्रेस करतात, म्हणजे मागे जागा मोकळी राहते. स्टॉपर संथ असतील तर लाँग बॉल काउंटर बरा, त्यात टीम खाली बसते. मॅनेजरची त्या प्लेस्टाइलमधली प्रोफिशियन्सी (किती जमते याचा आकडा) मात्र आधी बघ. ती कमी असेल तर नुसतं नाव वाचून मॅनेजर घेण्यात अर्थ नाही.

खऱ्या फुटबॉलमधलं एक उदाहरण मला यासाठी फार आवडतं. २०१५-१६ मध्ये लेस्टर सिटीने प्रीमियर लीग जिंकली ती साध्या ४-४-२ वर, जे तेव्हा बरेच जण जुनाट समजत होते. मॉर्गन आणि हूथ हे स्टॉपर धिप्पाड, पण वेगवान नव्हते, म्हणून मॅनेजर रानिएरीने त्यांना आपल्या बॉक्सजवळच ठेवलं. मिडफिल्डर कांते बॉल हिसकायचा, स्ट्रायकर वार्डी धावत सुटायचा. हातात कोण आहे ते बघून आखणी केली होती. तूही तुझ्या स्टॉपरचा स्पीड बघ आणि मगच बचावाची लाइन वर ठेवायची की खाली ते ठरव.

तीन बॅकचं म्हणशील तर आत्ता नको. मॅनेजर कोंतेने २०१६ मध्ये चेल्सीला ३-४-३ खेळवून सलग १३ लीग मॅच जिंकल्या हे खरं, पण त्याच्याकडे अख्खी बाजू वर-खाली धावणारे मोझेस आणि अलोन्सो होते. तुझ्या टीममध्ये तसा दमदार साइडचा खेळाडू एकही दिसत नाही.

राहिला ६० व्या मिनिटाचा प्रश्न. तू स्प्रिंट सोडतच नाहीस असं मला वाटतं. बचाव करतानाही बटण दाबलेलं असलं की मिडफिल्डर दमतात आणि दमलेला माणूस पासला उशिरा पोहोचतो. हाफटाइमला स्टॅमिनाची पट्टी बघ. सगळ्यात जास्त उतरलेली पट्टी मधल्या तिघांची असेल, तर ६० च्या आसपास तिथलाच एक बदल. स्ट्रायकर बदलायची घाई नको. आणि बचावात प्रेशर दाबताना कर्सर (आपण चालवतो तो खेळाडू) डीएमएफवर ठेव, स्टॉपरला जागेवरून हलवू नकोस. ही सवय लागायला मला दोन आठवडे लागले. आधी जास्तच गोल बसले, तरी चिकटून राहिलो.

आता याच सेटिंगवर सलग दहा मॅच खेळ, मधे काहीही बदलू नकोस. प्रत्येक खाल्लेल्या गोलापुढे वहीत तीन गोष्टी लिही: मिनिट, बॉल कुठे गमावला, शेवटचा पास कुठून आला. इंटरनेट अडकून झालेले गोल वेगळे लिही, ते मोजायचे नाहीत. ती यादी आणि दोन्ही स्टॉपरचा स्पीड मला पाठव. रात्री नऊनंतर मी मोकळा असतो, बसून बघू.