बोर्ड मीटिंगच्या आधीचे ७२ तास

"शाळेच्या हद्दी बदलणार म्हणे, आणि आपल्याला कुणी सांगितलंच नाही!" कॅलिफोर्नियातल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असा मेसेज येतो तोवर मीटिंग त्याच संध्याकाळवर आलेली असते. पंधरा-वीस जण ऑफिसातून थेट स्कूल बोर्डाच्या, म्हणजे शाळांचा कारभार पाहणाऱ्या मंडळाच्या, सभागृहात पोचतात, तावातावाने बोलतात, आणि बोर्ड ठराव मंजूर करून पुढच्या विषयाकडे वळतं. राग येणं साहजिक आहे. पण बहुतेक वेळा बोर्डाने सांगितलेलं असतं, फक्त आपण पाहत नाही अशा जागी. कायद्यापुरतं सांगणं आणि लोकांना कळेल असं सांगणं यांत बरंच अंतर असतं. ते अंतर निदान आपल्या बाजूने कसं कमी करायचं, ते इथे पाहू.

कॅलिफोर्नियात १९५३ पासून, स्कूल बोर्डासारख्या संस्थांच्या मीटिंग उघडपणे घ्यायला लावणारा, ब्राउन अ‍ॅक्ट आहे. नेहमीच्या मीटिंगचा अजेंडा ७२ तास आधी आणि खास बोलावलेल्या मीटिंगचा २४ तास आधी लावावा लागतो. अजेंड्यावर नसलेल्या विषयावर, मोजके अपवाद सोडले तर, निर्णय घेता येत नाही. मात्र अजेंड्यावरचं वर्णन २० शब्दांच्या आत आटोपलं तरी कायद्याला चालतं. 'फॅसिलिटीज मास्टर प्लॅन, फेज टू, मान्यता' एवढ्या ओळीवरून तुमच्या मुलाची शाळा बदलणार हे कळणार नाही. ते कळतं सोबत जोडलेल्या पीडीएफमधून. म्हणून मंगळवारची मीटिंग असेल, तर रविवारी सकाळी अर्धा तास काढून जोडपत्रं उघडा आणि आपल्या शाळेचं नाव, 'बाउंडरी' (हद्द), 'कन्सॉलिडेशन' (शाळा एकत्र करणं) हे शब्द शोधा. ग्रुपमधल्या चौघांनी महिन्याची पाळी लावून घेतली, तर कुणावरच भार पडत नाही.

सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते कन्सेन्ट कॅलेंडरकडे. नेहमीची बिलं, कंत्राटं, नेमणुका असे वीस-पंचवीस विषय एका मतात मंजूर करायची ही पद्धत. त्यात लपवाछपवीचा हेतू असतोच असं नाही, पण सल्लागार कंपनीचं मोठं कंत्राट सरकवून द्यायला यापेक्षा सोयीची जागा नाही. एखादा विषय बाहेर काढून त्यावर वेगळी चर्चा करावी, अशी विनंती एखाद्या सदस्याला आदल्या दिवशी ईमेलने करा. मीटिंगमध्ये त्याने नुसतं 'हा विषय वेगळा घ्या' म्हटलं, की बहुधा तेवढं पुरतं.

ईमेल पाचही सदस्यांना एकत्र पाठवत असाल, तर पत्ते बीसीसीमध्ये टाका. एकाने चुकून रिप्लाय-ऑल केला, दुसऱ्या-तिसऱ्याने त्यावर मत दिलं, की पाचपैकी तिघांची, म्हणजे बहुमताची, बंद दाराआडची चर्चा झाली. ब्राउन अ‍ॅक्टमध्ये ती बेकायदा आहे. २०२१ पासून तर बोर्डाच्या विषयावरच्या एका सदस्याच्या सोशल मीडिया पोस्टवर दुसऱ्या सदस्याने नुसता अंगठा दाखवला, तरी तो नियमभंग ठरतो. तेव्हा 'मॅडमनी लाइक का केलं नाही' म्हणून रुसू नका. बोर्डाला लिहिलेला ईमेल सार्वजनिक कागद ठरू शकतो, हेही विसरू नका. मुलाचं नाव, आजार, व्हिसाची स्थिती यातलं काही त्यात नको.

आता पब्लिक कमेंट, म्हणजे मीटिंगमध्ये लोकांनी बोलणं. बोलायला नागरिकत्व लागत नाही, एच-वन किंवा ग्रीन कार्डवर असलात तरी हक्क तोच. मीटिंगला बसण्यासाठी नाव नोंदवण्याची सक्ती करता येत नाही. टीका केली म्हणून गप्प बसवता येत नाही. मतदान मात्र वेगळं. सॅन फ्रान्सिस्कोने २०१८ पासून नागरिक नसलेल्या पालकांना स्कूल बोर्डाच्या निवडणुकीपुरता मताधिकार दिला आहे, पण तिथेही इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय नोंदणी करू नका. आणि डीएमव्हीच्या (ड्रायव्हिंग लायसन्स देणाऱ्या खात्याच्या) फॉर्मवर मतदार नोंदणीचा चौकोन नजरचुकीने भरला गेला, तर पुढे इमिग्रेशनमध्ये फार महागात पडू शकतं.

बोलायला साधारण दोन-तीन मिनिटं मिळतात. अनेक स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (एका बोर्डाखालच्या शाळांच्या विभागात) एका विषयाला एकूण २० मिनिटांची मर्यादा असते. वीस जण उभे राहिले, की तुमचं भाषण एका मिनिटावर येतं. म्हणून १३० शब्दांची आवृत्ती खिशात असू द्या. पहिल्या वाक्यात विषयाचा क्रमांक आणि मागणी: 'आयटम नऊ-बी, हा निर्णय पुढच्या मीटिंगपर्यंत थांबवा.' मग एक कारण, जोडपत्रातला एक आकडा, संपलं. आपल्याकडच्या 'व्यासपीठावरील मान्यवर' छापाच्या सुरुवातीत वीस सेकंद जातात. पंधरा जणांनी एकच मजकूर वाचण्यापेक्षा मुद्दे वाटून घ्या: एकाने वाहतूक, दुसऱ्याने विद्यार्थिसंख्या, तिसऱ्याने खर्च.

आई किंवा सासऱ्यांना मराठीतच बोलायचं असेल, तर बोलू द्या. दुभाष्या घेऊन बोलणाऱ्याला दुप्पट वेळ द्यावा लागतो, मग एकाच वेळी कानात भाषांतर ऐकवण्याची सोय बोर्डाने केली असेल तर गोष्ट निराळी. दुभाष्याची मागणी मात्र आधीच लेखी करा. शाळेची पत्रकं भाषांतरित करून देण्याचं बंधन त्या शाळेतली १५ टक्के मुलं घरी एकच परभाषा बोलत असतील तेव्हा येतं. मराठीचा आकडा तिथवर जाणं अवघडच.

तुमचा मुद्दा अजेंड्यावर नसेल, तर बोर्ड जवळपास काहीच बोलणार नाही. थोडक्यात उत्तर देणं किंवा सुपरिंटेंडंटकडे, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या मुख्य अधिकाऱ्याकडे, विषय सोपवणं, एवढंच त्यांच्या हातात असतं. तो अपमान नव्हे. नागरिकांना विषय अजेंड्यावर आणता येतो. त्याची मुदत आणि पद्धत डिस्ट्रिक्टच्या नियमावलीत असते. दिवाळीच्या सुट्टीची मागणी बहुतेक इथेच फसते: ऑक्टोबरात भाषणं होतात, तर त्या वर्षाचं कॅलेंडर शिक्षक संघटनेशी बोलणी होऊन कधीच ठरलेलं असतं. पुढच्या वर्षांच्या कॅलेंडरची बोलणी कधी सुरू होणार, हे आधी विचारा आणि १८० दिवसांच्या हिशेबात सुट्टीचा दिवस कुठून भरून काढायचा, ते सुचवा.

पैशाचंही तसंच. बजेट, आणि शाळांची उद्दिष्टं व त्यांवरचा खर्च मांडणारा एलकॅप हा तीन वर्षांचा आराखडा, १ जुलैच्या आत मंजूर होतात. जूनमधल्या सुनावणीपर्यंत पीठ मळून झालेलं असतं. डिसेंबरच्या आणि मार्चच्या मध्यापर्यंत मंजूर होणारे दोन अंतरिम आर्थिक अहवाल वाचा. त्यांवर 'पॉझिटिव्ह'ऐवजी 'क्वालिफाइड' किंवा 'निगेटिव्ह' शेरा दिसला, तर कपात, कदाचित शाळा एकत्र करणंही, वाटेवर आहे असं समजा. व्हॉट्सअ‍ॅपच्या कितीतरी महिने आधी ही वर्दी मिळते.

कागद हवे असतील तर माहितीच्या अधिकारासारख्या पब्लिक रेकॉर्ड्स अ‍ॅक्टखाली मागा. लोक समजतात की दहा दिवसांत कागद हातात येतील. दहा दिवसांत फक्त 'देण्यासारखं काही आहे का' याचं उत्तर येतं, आणि त्याला आणखी १४ दिवस वाढवता येतात. 'शाळा बंद करण्याबाबतचे सगळे ईमेल' असं मागितलंत तर महिने जातील. दोन अधिकाऱ्यांचे हुद्दे, तीन महिन्यांच्या तारखा, दोन शोधशब्द एवढं नेमकं द्या. तक्ते मूळ एक्सेलमध्ये मागा. प्रश्न विचारू नका, कारण हा कायदा असलेले कागद देतो, उत्तरं तयार करून देत नाही. स्वतःच्या मुलाचे कागद या वाटेने मागायचे नसतात. ते शाळेकडे मागितल्यावर पाच कामकाजी दिवसांत पाहायला मिळायला हवेत.

बंद दाराआडच्या बैठकीबद्दल उगाच संशय पसरवू नका. नोकरवर्ग, खटले, पगाराच्या वाटाघाटी, विद्यार्थ्यांची शिस्त, जागेच्या व्यवहारातली किंमत आणि अटी हे विषय तिथे चालतात. शाळा बंद करावी की नाही, ही चर्चा मात्र तिथे चालत नाही. तसं झाल्याचा ठोस पुरावा असेल, तर चूक सुधारण्याची लेखी मागणी ९० दिवसांत करावी लागते. उघड मीटिंगमधल्या चुकीला मुदत ३० दिवसांचीच.

एवढं करूनही, वर्षातून एकदा फक्त तक्रार घेऊन येणाऱ्या गटाचं वजन कमीच पडतं. मराठी शाळेचे रविवारचे वर्ग डिस्ट्रिक्टच्या खोल्यांत भरत असतील, तर खोल्यांच्या भाड्याचा दर बोर्डच ठरवतं, म्हणजे संबंध आधीपासून आहेच. समित्यांच्या रिकाम्या जागांवरही नजर ठेवा. ५५ टक्के मतांनी मंजूर झालेल्या बाँडच्या (शाळांच्या इमारतींसाठीच्या कर्जाच्या) खर्चावर किमान सात नागरिकांची देखरेख समिती लागते, आणि त्यात एक जागा ज्येष्ठ नागरिकांच्या संघटनेत काम करणाऱ्या व्यक्तीसाठी असते. डिस्ट्रिक्टचे कर्मचारी आणि ठेकेदार तिथे चालत नाहीत. बँकेतून किंवा पीडब्ल्यूडीतून निवृत्त होऊन मुलाकडे कायमचे राहायला आलेले, इथल्या ज्येष्ठ नागरिक संघात जाणारे एखादे काका ग्रुपमध्ये असतील, तर त्यांना अर्जाची लिंक पाठवा. ऑडिट रिपोर्ट ते नक्की शेवटच्या पानापर्यंत वाचतील.