कोशातील शेजारी शब्द

शब्दकोशात शेजारी छापलेले इंग्रजी शब्द एकाच कुळातले असतील असे गृहीत धरू नये, आणि नसतीलच असेही मानू नये. ‘कँडिड’ म्हणजे मनमोकळा आणि ‘कँडिडेट’ म्हणजे उमेदवार. तरीही दोन्हींच्या मुळाशी ‘पांढरा’ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे, कारण मनाचा स्वच्छपणा पहिल्यात उतरला, तर प्राचीन रोममधील उमेदवारांचा खडूने शुभ्र केलेला झगा दुसऱ्यात. याउलट ‘आयलंड’ आणि ‘आइल’ या दोहोंचा अर्थ बेट असला, तरी पहिला जुन्या इंग्रजीतला, दुसरा लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला. पहिल्यातले अनुच्चारित ‘एस’ दुसऱ्याच्या प्रभावाने शिरले आहे. म्हणून व्युत्पत्ती अवश्य वाचावी, आणि एक शब्द वाक्यात पक्का बसल्यावरच त्याचा शेजारी हाती घ्यावा.